माथेरान

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील गिरिस्थान. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८०० मी. मुंबईहून रस्त्याने अंतर सुमारे ९० किमी. मध्य रेल्वेचे नेरळ हे पायथ्याचे स्थानक असून कर्जतच्या लोकल तेथे थांबतात. त्यामुळे मुंबई-ठाण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला माथ्यावर पोहोचतो. गावात खासगी मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांना मात्र मुभा आहे. इथली गर्द सावली आणि शांतता आजवर टिकली ती मुख्यतः या बंदीमुळे.

हा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा आहे. पेब (विकटगड), चंदेरी, प्रबळगड ही त्याची शेजारची मंडळी. कड्यांचा खडक काळा, पण सपाट माथ्यावर जांभ्याचा थर. म्हणून इथली वाट तांबडी. जांभूळ, अंजनी, हिरडा अशा झाडांचे सदाहरित रान थेट गावाच्या घरांना भिडलेले आहे. मान वर करून चालणाऱ्याला शेकरू दिसण्याची चांगली आशा असते. माकडे मात्र न शोधता भेटतात आणि हातातला खाऊ पळवतात; त्यांना खायला घालू नये.

धनगर, ठाकर आणि कातकरी लोक या डोंगरावर पूर्वीपासून वावरत होते. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आला आणि त्याने हवा खाण्याचे ठिकाण म्हणून माथेरानची ओळख करून दिली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने वसाहतीच्या वाढीला चालना दिली. ‘माथेरानचा शोध’ मॅलेटच्या नावावर मांडण्याची रीत आहे, पण वाटा माहीत असलेल्या लोकांकडे पाहता ती योग्य नाही.

नेरळ–माथेरान छोटी रेल्वे, म्हणजे सर्वांची ‘मिनी ट्रेन’, सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने १९०४ ते १९०७ दरम्यान बांधली गेली. रुळांतील अंतर केवळ २ फूट, मार्गाची लांबी सुमारे २१ किमी. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही वाटेतली स्थानके. गाडी डोंगराला वेटोळे घालत इतकी सावकाश चढते, की खालचे नेरळ आधी उजव्या आणि मग डाव्या खिडकीत दिसू लागते. घाईच्या माणसाने या गाडीत बसू नये. हा मार्ग पावसाने अनेकदा मोडला: २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर तो २००७ मध्ये सुरू झाला, तर २०१९ च्या पावसानंतर नेरळहून थेट गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दर पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज टप्पा बंद ठेवतात. अमन लॉज–माथेरान शटल मात्र साधारणपणे चालू असते.

नेरळहून सहा-आठ जण मिळून केलेली टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. तिथे वाहने थांबतात आणि प्रवासी कर भरावा लागतो. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून शटलने. सामान हलके असेल तर पायीच जावे. माथेरान पाहण्याला तिथूनच सुरुवात होते.

२००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २०० चौ. किमी.हून अधिक परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. पण वाहनबंदीचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हेही नोंदवायला हवे. म्हातारे, आजारी आणि हौशी पर्यटक यांना माणसांनी ओढलेल्या हातरिक्षांतून चढावर नेले जाई. पुढे एक ओढणारा, मागे ढकलणारे. चालकांनी ई-रिक्षांसाठी न्यायालयापर्यंत लढा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा माणुसकीला सोडून असल्याचे सांगत ६ महिन्यांत बंद करण्याचा आणि चालकांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. याच निकालात दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना परवानगी मिळाली. आतल्या वाटा मातीच्याच राहायच्या आहेत. झाडे आणि कष्टकरी दोघांचीही बाजू पाहणारा हा निर्णय आहे.

कड्याच्या टोकांना इथे ‘पॉइंट’ म्हणतात. उत्तरेला पॅनोरामा, पश्चिमेला प्रबळगडासमोरचे लुइझा आणि सूर्यास्तासाठी गाजलेले पॉर्क्युपाइन. शार्लोट तलाव गावाला पाणी पुरवतो. त्याच्या काठी ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. बाजारात चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला मिळतात.

हुतात्मा भाई (विठ्ठल लक्ष्मण) कोतवाल यांचा जन्म १९१२ मध्ये माथेरानचा. वकिली शिकलेल्या या तरुणाने १९४२ च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारला आणि वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. केवळ पॉइंट पाहून परतणाऱ्यांपर्यंत हा इतिहास क्वचितच पोहोचतो.

चढाईची आवड असणाऱ्यांना भिवपुरी रोड स्थानकावरून गार्बेट पठारमार्गे किंवा दक्षिणेकडून वन ट्री हिलजवळच्या शिडीच्या वाटेने वर येता येते. पावसाळ्यात या वाटा शेवाळाने निसरड्या होतात आणि धुक्यात कडा दिसत नाही, म्हणून पायथ्याच्या वाडीतला वाटाड्या सोबत घ्यावा.