एकपानी वेब ॲप्लिकेशनमधील रूट आणि कंट्रोलर : आम्ही आपल्याकडे आधी पत्त्यांची यादी का मागतो

आम्ही तयार करून देतो ती बहुतेक वेब ॲप्लिकेशन्स एकपानी असतात. ब्राउझर सुरुवातीला एकच पान सर्व्हरवरून उतरवून घेतो. त्यानंतर आपण यादीवरून तपशिलाकडे किंवा तपशिलावरून दुरुस्तीच्या फॉर्मकडे गेलात, तरी पूर्ण पान पुन्हा येत नाही, तर जावास्क्रिप्ट त्याच पानावरील मजकूर बदलते आणि लागेल तेवढीच माहिती सर्व्हरकडून मागवते. यामुळे वापर सुटसुटीत होतो. मात्र कोणत्या पत्त्यावर कोणती स्क्रीन दिसावी आणि मागे जाण्याचे बटण दाबल्यावर काय व्हावे, या ज्या गोष्टी जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळात ब्राउझर परस्पर सांभाळत असे, त्या येथे आम्हाला ठरवाव्या लागतात.

पत्ता आणि स्क्रीन यांची जोडी म्हणजे रूट. त्या स्क्रीनसाठी माहिती मागवणारा आणि वापरकर्त्याच्या प्रत्येक क्रियेला प्रतिसाद देणारा कोडचा भाग म्हणजे कंट्रोलर. हा शब्द १९७९ मध्ये ट्रिग्वे रीनस्काउग यांनी मांडलेल्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (माहिती, तिचे दर्शन आणि नियंत्रण वेगळे ठेवणारी रचना) या रचनेतून आला. अनेक नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशन बांधण्याच्या तयार सांगाड्यांमध्ये, हे काम कंपोनंट (स्क्रीनचा स्वतंत्र तुकडा) करतो, पण मांडणीचे प्रश्न तेच राहतात.

आपल्याकडे स्क्रीनची चित्रे तयार असली, तरी आम्ही आधी पत्त्यांची यादी मागतो. आमची कसोटी साधी आहे : जी गोष्ट आपण सहकाऱ्याला लिंक पाठवून दाखवू इच्छिता, तिला स्वतःचा पत्ता हवा. थकीत बिलांची, तारखेनुसार लावलेली यादी पाहत असताना पान रिफ्रेश केले आणि सगळी बिले पुन्हा पहिल्यापासून दिसू लागली, तर निवडलेला फिल्टर पत्त्यात नोंदवला गेला नव्हता, असे समजावे. उलट, ‘नोंद खरोखर काढून टाकायची का?’ असे विचारणाऱ्या छोट्या चौकटीला पत्ता देण्याची गरज नसते.

रूटच्या क्रमालाही महत्त्व आहे. पत्ता पाहून रूट निवडणारा कोड म्हणजे राउटर. अनेक राउटर रूटची यादी वरून खाली वाचतात आणि जुळणाऱ्या पहिल्या रूटवर थांबतात. ‘/ग्राहक/:क्रमांक’ हा रूट (‘:क्रमांक’च्या जागी कोणताही मजकूर चालतो) ‘/ग्राहक/नवीन’ याच्या आधी लिहिला, तर राउटर ‘नवीन’ हाच ग्राहक क्रमांक समजतो आणि तसा ग्राहक सापडत नसल्याची तक्रार करतो. (प्रत्यक्षात आम्ही पत्ते रोमन लिपीत ठेवतो; येथे ते वाचण्याच्या सोयीसाठी मराठीत दिले आहेत.)

कंट्रोलर आम्ही शक्य तितका लहान ठेवतो. स्क्रीन उघडताना तो सहसा नव्याने तयार होतो आणि स्क्रीन सोडताना नाहीसा होतो, त्यामुळे त्यात ठेवलेली माहितीही जाते. लॉगिन केलेली व्यक्ती, निवडलेले आर्थिक वर्ष, अर्धवट भरलेला फॉर्म अशा एकाहून अधिक स्क्रीनना किंवा परत आल्यावर लागणाऱ्या गोष्टी म्हणून आम्ही स्वतंत्र सर्व्हिसमध्ये, म्हणजे स्क्रीन बदलली तरी टिकणाऱ्या कोडच्या भागात, ठेवतो, आणि कर किंवा सवलतीचे हिशेबही तेथेच करतो. जाताना आवराआवर करणे हेही कंट्रोलरचे काम आहे. आमच्याच एका जुन्या कामात दर ३० सेकंदांनी यादी ताजी करणारा टायमर स्क्रीन सोडल्यावर थांबवायचा राहिला होता; प्रत्येक भेटीत आणखी एक टायमर सुरू होई आणि दुपारपर्यंत ॲप्लिकेशन रखडू लागे.

फायलींची मांडणी आम्ही विषयानुसार करतो : बिलांचे रूट, कंट्रोलर आणि सर्व्हिस एका फोल्डरमध्ये, ग्राहकांचे दुसऱ्यात. सगळे कंट्रोलर एकाच फोल्डरमध्ये ठेवण्याची पद्धत लहान कामात नीटनेटकी दिसते, पण चाळीस स्क्रीन झाल्यावर एका बदलासाठी चार ठिकाणी शोधाशोध करावी लागते.

आपले सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीला एक गोष्ट जरूर कळवावी. पत्त्यातील ‘#’ नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवत नाही, म्हणून स्क्रीनचा पत्ता ‘#’ नंतर लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत सर्व्हरवर काही करावे लागत नसे. आम्ही वापरतो त्या हिस्टरी एपीआयमुळे (पान न बदलता पत्ता बदलू देणारी ब्राउझरची सोय) पत्ता स्वच्छ दिसतो, परंतु ‘/बिले/१२५’ ही लिंक थेट उघडली की ती विनंती सर्व्हरकडे जाते आणि तेथे तशी फाइल नसल्याने ४०४ (‘पान सापडले नाही’) ही त्रुटी येते. त्यामुळे ॲप्लिकेशनच्या अशा सर्व पत्त्यांना सर्व्हरने मुख्य पानच द्यावे, अशी व्यवस्था करावी लागते. चित्रांचे पत्ते आणि ॲप्लिकेशन ज्यांवरून माहिती मागवते ते पत्ते मात्र यातून वगळावेत; नाहीतर हरवलेल्या चित्राच्या विनंतीलाही मुख्य पान मिळते आणि चूक लपून राहते.

काही रूट ठरावीक व्यक्तींनाच उघडता यावेत, अशी अट आम्ही राउटरमध्ये घालतो. ती केवळ सोयीची आहे, कारण ब्राउझरमधील कोड वापरकर्त्याच्या हाती असतो. खरी परवानगी प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरवरच तपासली जाते.

पहिल्या बैठकीपूर्वी आपण आम्हाला स्क्रीनची यादी, प्रत्येक स्क्रीन कोणी पाहावी याची नोंद आणि सध्याच्या संकेतस्थळाचे जे पत्ते ईमेलमध्ये किंवा छापील कागदांवर आधीच गेले आहेत ते पाठवावेत, म्हणजे त्या जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे नेण्याची सोय आम्हाला सुरुवातीलाच करता येईल.