टाळेबंदीतील स्थानिक मदतकार्य

महासाथीचा फैलाव रोखण्यासाठी लोकांच्या घराबाहेर पडण्यावर सरकारी आदेशाने बंदी येते, तेव्हा एखाद्या इमारतीतील, गल्लीतील किंवा गावातील रहिवाशांना घरातच सुरक्षित राहता यावे म्हणून शेजारी, स्वयंसेवक आणि स्थानिक संस्था जे साहाय्य करतात, त्याला टाळेबंदीतील स्थानिक मदतकार्य म्हणतात. किराणा व औषधे दारापर्यंत पोहोचवणे, एकट्या राहणाऱ्यांची रोज विचारपूस करणे, आजारी माणसाला वेळेत डॉक्टरांपर्यंत नेणे, खरी माहिती देणे आणि घरात छळ सोसणाऱ्यांसाठी सुटकेची एखादी वाट उघडी ठेवणे ही त्यातली मुख्य कामे होत. ‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीत मुळात कारखान्यांच्या संदर्भात रूढ होता; मालकाने कामगारांसाठी कारखान्याची दारे बंद करणे, असा त्याचा अर्थ होता. २०२० साली कोव्हिड-१९ च्या साथीत तो घराघराला लागू झाला आणि आता बहुतेकांच्या मनात त्याचा हाच अर्थ आधी उमटतो.

साथीच्या काळात माणसांना वेगळे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा (आजचे दुब्रॉव्हनिक) या नगरराज्याने १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला होता. मात्र कोंडलेल्यांना जगवायचे कसे, या प्रश्नाचे सर्वांत परिचित ऐतिहासिक उदाहरण इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातल्या ईम या गावाचे आहे. १६६५ मध्ये तेथे प्लेग शिरला आणि पुढच्या वर्षी विल्यम मॉम्पेसन व टॉमस स्टॅन्ली या दोन धर्मगुरूंच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी आपली वेस स्वतःहून बंद करून घेतली. आजूबाजूच्या गावांतील लोक आणि डेव्हनशरचे अर्ल (तिथले उमराव) गावाच्या सीमेवर अन्नधान्य ठेवून जात. सीमेवरच्या दगडाला पाडलेल्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवली जात आणि त्या मोबदल्यात सामान उचलले जाई, असे परंपरेने सांगितले जाते. या कथेतील काही तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तरीही सामान ठेवावे, मागे सरावे आणि मग दुसऱ्याने येऊन ते उचलावे, ही त्या दगडावरची रीत साडेतीनशे वर्षांनी जगभरच्या उंबरठ्यांवर पुन्हा दिसली.

चीनमधील वूहान शहर २३ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि ८ एप्रिलला खुले झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च रोजी कोव्हिड-१९ ही महासाथ असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात इटली, स्पेन, फ्रान्स, भारत, ब्रिटन आणि इतर अनेक देशांत टाळेबंदी लागू झाली. टाळेबंदीने संसर्गाची साखळी तुटते, पण तिच्याबरोबर रोजच्या मजुरीची, औषधांची, घरकामातल्या मदतीची आणि बोलण्याचालण्याची साखळीही तुटते. ज्याच्या घरात महिन्याचा शिधा आहे आणि हाताशी फोन आहे, त्याला ती गैरसोय वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणारी व्यक्ती येऊ शकत नसेल, तर त्याच्यासाठी तो जिवाचा प्रश्न असतो. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ‘सामाजिक अंतर’ याऐवजी ‘शारीरिक अंतर’ असा शब्द वापरायला सुरुवात केली, ती याच कारणाने. शरीरे दूर राहावीत, माणसे एकमेकांपासून तुटू नयेत, हा त्यामागचा हेतू होता आणि स्थानिक मदतकार्याचा सगळा भर त्यावरच आहे.

या कामाचा पाया म्हणजे रहिवाशांची यादी. ती दिसायला साधी असली, तरी सगळ्यात अवघड काम तेच असते. कोणत्या दारामागे कोण राहते, कोण एकटे आहे, कोणाला इन्शुलिन लागते, कोणाचे डायलिसिस चालू आहे, कोण गरोदर आहे, कोणाला ऐकू कमी येते, कोणाला कोणती भाषा समजते, कोणाकडे फोन नाही, हे दूरच्या कार्यालयाला ठाऊक नसते. जिन्यात रोज भेटणाऱ्याला ते ठाऊक असते. ४ जुलै २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात सार्वजनिक गृहवसाहतीचे नऊ मनोरे कोणतीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आले आणि सुमारे ३,००० रहिवासी पोलिसांच्या पहाऱ्यात अडकले. अनेक कुटुंबे स्थलांतरित होती आणि वेगवेगळ्या भाषा बोलत होती. बंदी कशासाठी व किती दिवस, हे कित्येकांना समजलेच नाही, औषधे उशिरा पोहोचली आणि आलेले अन्न अनेकांना चालणारे नव्हते. त्याच समाजांतील तरुण स्वयंसेवकांनी भाषांतर, निरोप आणि शिजवलेले अन्न यांची व्यवस्था उभी केली. डिसेंबर २०२० मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या लोकपालांनी आपल्या अहवालात असा निष्कर्ष काढला, की तात्पुरती बंदी आरोग्याच्या दृष्टीने योग्य होती, परंतु ती ज्या तडकाफडकी लादली गेली, त्याने रहिवाशांच्या मानवी हक्कांचा भंग झाला. दार बंद करण्याआधी दारामागे कोण आहे हे विचारायला हवे होते, एवढी साधी गोष्ट त्या प्रसंगात राहून गेली.

वस्तू पोहोचवताना मदत करणाराच संसर्गाचा वाहक होऊ शकतो, हा या कामातला सर्वांत मोठा धोका होय. एकच स्वयंसेवक दिवसभरात वीस दारांशी जात असेल आणि ती वीसही घरे वृद्धांची असतील, तर त्याच्या एका चुकीची किंमत त्याने एरवी केलेल्या मदतीपेक्षा मोठी ठरते. म्हणून पोहोचवण्याची रीत ठरलेली असावी लागते. स्वयंसेवक मास्क लावून येतो, दाराबाहेरच्या स्टुलावर पिशवी ठेवतो, घंटी वाजवतो आणि दोन मीटर मागे सरून उभा राहतो. तो लगेच निघून जात नाही. आतून सावकाश येणाऱ्या पावलांचा आवाज, कडी निघण्याचा आवाज, मग दार किलकिले होऊन पिशवीकडे आलेला हात, हे सगळे तो पाहतो. तो हात थरथरतो आहे का, बोलताना धाप लागते आहे का, कालची पिशवी अजून तशीच कोपऱ्यात पडली आहे का, हे त्या अर्ध्या मिनिटात कळते. घंटी वाजवून निघून गेलेल्याला यातले काहीच कळत नाही. पैशांचा व्यवहार त्या दारात करू नये. हिशेब वहीत मांडावा, पावती पिशवीत ठेवावी आणि कोणाचेही बँकेचे कार्ड, पिन किंवा ओटीपी कोणत्याही सबबीवर मागू नये. मदतीच्या नावाखाली वृद्धांना लुबाडणारेही अशा काळात फिरत असतात, त्यामुळे येणारी व्यक्ती ओळखीची असणे किंवा ती येणार असल्याचे आधी फोनवर सांगितलेले असणे गरजेचे असते.

कोव्हिड-१९ च्या पहिल्या काही महिन्यांत वस्तूंच्या पृष्ठभागाची भीती फार होती आणि लोक पिशव्या, पाकिटे, भाज्याही धूत असत. पुढे हवेतून होणारा प्रसार अधिक महत्त्वाचा असल्याचे स्पष्ट झाले. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले. स्वयंसेवकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की साबणाने २० सेकंद हात धुण्याची सवय चांगलीच, परंतु बंद खोलीत दहा मिनिटे बोलत बसणे हे पिशवीला हात लावण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे. आत जाणे अटळच असेल, तर खिडक्या उघडाव्यात, दोघांनीही नाक-तोंड नीट झाकणारा मास्क लावावा आणि काम आटोपताच बाहेर यावे. पुढची साथ वेगळ्या मार्गाने पसरणारी असू शकते. इबोला हा रुग्णाच्या शरीरातील स्रावांच्या स्पर्शातून पसरतो, तर पटकी दूषित पाण्यातून. म्हणून रोग कसा पसरतो हे आधी समजून घेऊनच ही रीत ठरवावी लागते; मागच्या साथीचे नियम जसेच्या तसे उचलून चालत नाही.

दूरध्वनीवरची विचारपूस हे या कामाचे दुसरे अंग आहे आणि ते अनेकदा दुय्यम मानले जाते, हे चुकीचे आहे. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात आलेल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील बरीच घरात एकटी होती. ती साथ नव्हती, पण समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले, की सारख्याच गरिबीच्या शेजारशेजारच्या वस्त्यांपैकी जिथे रस्ते गजबजलेले आणि लोकांचे येणे-जाणे होते, तिथे मृत्यू कमी झाले. टाळेबंदीत रस्ता कायद्यानेच ओस पडतो, त्यामुळे त्या गजबजीचे काम फोनला करावे लागते. फोन ठरलेल्या वेळी आणि शक्यतो एकाच व्यक्तीने करावा. ‘बऱ्या आहात ना?’ असे विचारले, की ‘हो, बरी आहे’ हेच उत्तर येते, कारण कोणालाही भार व्हायला आवडत नाही. सकाळी काय खाल्ले, रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या, रात्री झोप लागली का, असे नेमके विचारले, की खरी स्थिती बाहेर येते. दोनदा फोन उचलला गेला नाही, तर कोणी दारापर्यंत जायचे आणि दार उघडले नाही, तर कोणाला कळवायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असावे.

घरीच विलगीकरणात असलेल्या रुग्णाबाबत स्थानिक मदतीची मर्यादा ओळखणे हेच मोठे काम असते. स्वयंसेवक डॉक्टर नसतो. डॉक्टरांना केव्हा बोलवायचे एवढे मात्र त्याला ठाऊक असले पाहिजे. कोव्हिड-१९ मध्ये काही रुग्णांना दम न लागताही रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरत असे, म्हणून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एका घरातून दुसऱ्या घरात, निर्जंतुक करून, फिरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. त्यावर ९५ किंवा त्याहून अधिक आकडा बहुतेक निरोगी माणसांत दिसतो आणि तो त्याखाली जाऊ लागला, की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. मात्र हे उपकरण सावळ्या त्वचेच्या माणसांत प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते, असे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. म्हणून आकडा चांगला असूनही ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर आकड्यावर विसंबून थांबू नये.

घरात राहणे म्हणजे सुरक्षित राहणे, हे गृहीत सगळ्यांना लागू पडत नाही. अत्याचार करणाऱ्याबरोबर कोंडलेल्या स्त्रियांची आणि मुलांची स्थिती टाळेबंदीत अधिक बिकट होते. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०२० मध्ये या हिंसेला ‘सावलीतली महासाथ’ म्हटले. स्पेनमधील कॅनरी बेटांवर मार्च २०२० मध्ये एक सांकेतिक शब्द ठरवण्यात आला : औषधांच्या दुकानात जाऊन ‘मास्कारिया-१९’, म्हणजे ‘मास्क-१९’, मागणाऱ्या स्त्रीला मदत हवी आहे असे समजून दुकानदाराने पोलिसांना कळवायचे. घराबाहेर पडण्याचे मान्य कारण म्हणजे औषध आणि उघडे राहणारे दार म्हणजे औषधाचे दुकान, या दोन गोष्टी नेमक्या हेरलेली ही योजना इतर देशांतही उचलली गेली. अशा घरी फोन करताना समोरची व्यक्ती मोकळेपणाने बोलू शकते आहे का, हे ‘हो-नाही’ एवढेच उत्तर पुरेल अशा प्रश्नाने आधी ताडावे.

अफवांचा बंदोबस्तही याच कामात येतो. दारूने विषाणू मरतो, या समजुतीपायी इराणमध्ये २०२० च्या पूर्वार्धात शेकडो लोक विषारी मिथेनॉल पिऊन मेले. ब्रिटनमध्ये साथीचा संबंध फाइव्ह-जी तंत्रज्ञानाशी जोडून मोबाइल मनोरे जाळले गेले. लोकांवर हसून किंवा रागावून अफवा थांबत नाहीत. ज्याने काल औषध आणून दिले, त्याच्या तोंडून आलेले स्पष्टीकरण लोक ऐकून घेतात, हा बहुतेक मदतगटांचा अनुभव आहे.

सक्तीने काय होते, याचे उदाहरण लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियात, घडले. इबोलाच्या साथीत २० ऑगस्ट २०१४ रोजी वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सैन्य व पोलिसांनी वेढली. अन्नाचे भाव चढले, चकमक उडाली, गोळीबारात एक किशोरवयीन मुलगा मरण पावला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पुढे वस्त्यांतील लोकच घरोघरी जाऊन रुग्ण शोधू लागले व आजाराची माहिती देऊ लागले, तेव्हा लोकांचे सहकार्य मिळू लागले. दुसऱ्या टोकाला ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने अडीच लाख स्वयंसेवक मागितले, तर काही दिवसांतच साडेसात लाख लोकांनी नावे दिली. एवढ्या लोकांना काम वाटून देणारी यंत्रणा जुळेपर्यंत अनेकांना करायला काहीच मिळाले नाही. त्याच सुमारास गल्ली-गल्लीत उभे राहिलेले हजारो छोटे गट मात्र दारात टाकलेल्या चिठ्ठीवर आणि एका फोन क्रमांकावर चालू झाले होते. दोन्हींची गरज असते, पण पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतो तो जवळचा गट.

मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही अट या कामात दुय्यम मानता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये फिलिपीन्समधील केझॉन शहरात एका हातगाडीवर अन्नधान्य ठेवून ‘जमेल तेवढे द्या, लागेल तेवढेच घ्या’ अशा आशयाची पाटी लावण्यात आली आणि थोड्याच दिवसांत तशा गाड्या देशभर दिसू लागल्या. तेथे नाव, ओळखपत्र किंवा छायाचित्र मागितले जात नव्हते. पिशवी हातात देतानाचे फोटो काढणे ही अनेक ठिकाणी पडलेली वाईट प्रथा आहे, ती मदत घेणाऱ्याला पुढच्या वेळी दार उघडण्यापासून परावृत्त करते. कोण आजारी आहे हे शेजाऱ्यांना न सांगणे हाही याच अटीचा भाग होय, कारण बाधित घरावर बहिष्कार पडतो, हे कळले की लोक लक्षणे लपवतात.

स्वयंसेवकांनी पाळ्या लावून काम करावे, स्वतःला ताप-खोकला असल्यास त्या दिवशी बाहेर पडू नये आणि वृद्धांशी किंवा दीर्घ आजाराच्या रुग्णांशी घरात संबंध येत असल्यास फोनवरचे काम घ्यावे. बंदी उठली, की गट पांगतात, पण काम तेथे संपत नाही. कोव्हिड-१९ संबंधीची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी मागे घेण्यात आली, तरी कित्येक वृद्ध त्यानंतरही घराबाहेर पडायला धजत नव्हते आणि त्यांचे किराण्याचे फोन येतच होते. यादीतील आजारांच्या नोंदी त्या वेळी नष्ट कराव्या लागतात. नावे व फोन क्रमांक ठेवायचे की पुसायचे, हे मात्र प्रत्येक घराला विचारून ठरवावे.