मॉनिटरच्या रंग-अचूकतेचं प्रमाणपत्र: कोणते कागद चालतात, फाइल का परत येते

छपाईच्या टेंडरमध्ये किंवा परदेशी प्रकाशकाच्या करारात 'मॉनिटरच्या रंग-अचूकतेचे प्रमाणपत्र जोडावे' अशी एक ओळ असते. डीटीपीवाले आणि फोटोग्राफर मग खोक्यातला फॅक्टरी कॅलिब्रेशनचा कागद किंवा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीची झेरॉक्स जोडतात, आणि फाइल त्रुटीचा शेरा घेऊन परत येते. बीआयएसची नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची असते, रंगाशी तिचा संबंध नाही. फॅक्टरीचा कागद मॉनिटर कारखान्यातून निघाला त्या दिवसापुरता खरा. वापराने बॅकलाइट मंदावतो, पांढरा रंग सरकतो. 'पॅन्टोन व्हॅलिडेटेड'सारखे शिक्के मॉडेलला मिळतात, तुमच्या टेबलावरच्या नगाला नाही.

तुमच्या मॉनिटरच्या रंगाचा दाखला देणारं सरकारी कार्यालय नाही, त्यामुळे ते शोधत फिरू नका. बहुतेक ठिकाणी चालतात ते दोन कागद: तुमच्या नगाचा पडताळणी अहवाल, आणि मोजणाऱ्या उपकरणाचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र. टेंडर काढणारे नुसतं 'प्रमाणपत्र' लिहून मोकळे होतात आणि भोगतो अर्जदार. म्हणून बोलीपूर्व शंकांच्या मुदतीतच लेखी विचारा: मानक कोणतं (सॉफ्टप्रूफसाठी, म्हणजे छपाईचा रंग पडद्यावरच तपासण्यासाठी, आयएसओ १२६४६ की १४८६१), व्हाइट पॉइंट (पडद्याने कोणता पांढरा धरायचा) डी५० की डी६५, डेल्टा-ई (हवा तो रंग आणि मोजलेला रंग यांतला फरक) कोणत्या सूत्राने आणि किती चालेल. त्याच रीडिंगचा आकडा जुन्या १९७६ च्या सूत्राने एक येतो, २००० च्या सूत्राने दुसरा. गडद निळ्यात तर फरक मोठा पडतो.

पात्रता पडद्याच्या गॅमटवर, म्हणजे तो किती रंग दाखवू शकतो त्यावर, ठरते. नुसत्या एसआरजीबीपुरत्या (साध्या पडद्यांची नेहमीची रंगमर्यादा) पडद्यावर आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईचा सायन (हिरवट निळी शाई) पूर्ण उमटत नाही. कितीही कॅलिब्रेट करा, तो पॅच (मोजणीसाठी पडद्यावर दाखवलेला रंगाचा चौकोन) नापासच होणार. अशा कामाला अडोबी आरजीबी ही त्याहून मोठी रंगमर्यादा जवळजवळ पूर्ण दाखवणारा पडदाच लागतो.

सगळ्यात जास्त अडतं ते उपकरणाच्या प्रमाणपत्रावर, कारण ते बहुतेकांकडे नसतंच. कलरीमीटर (पडद्याचा रंग मोजणारं उपकरण) विकत घेतला की काम झालं, असा समज आहे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जा, पण आधी एनएबीएलच्या संकेतस्थळावर तिचा 'स्कोप' उघडून पाहा. मान्यता लॅबला सरसकट नसते, स्कोपमधल्या मोजमापांनाच असते. त्यात ल्युमिनन्स (उजळपणा) आणि क्रोमॅटिसिटी (रंगछटा) नसेल, तर त्या मोजमापाच्या कागदावर एनएबीएलचं चिन्ह येणार नाही आणि पैसे वाया जातील. उपकरण कंपनीचं रीसर्टिफिकेशन चालेल का, हेही अर्ज घेणाऱ्याला आधीच विचारून ठेवा.

तारखेचा घोळ इथेच होतो. आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाप्रमाणे कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावर पुढच्या कॅलिब्रेशनची शिफारस लिहायची नसते. ग्राहकाशी तसं ठरलं असेल तरच लिहितात. टेबलापलीकडचा माणूस मात्र 'व्हॅलिड अपटू' शोधतो आणि नाही दिसलं की फाइल बाजूला ठेवतो. उपकरण जमा करतानाच लॅबच्या फॉर्मवर पुढची तारीख लेखी मागून घ्या. शिवाय ती तारीख उपकरणाची आहे. 'अहवाल ३० दिवसांच्या आतला' अशी अट असेल, तर ते दिवस मॉनिटर मोजल्याच्या तारखेपासून मोजतात.

मोजणी करताना मॉनिटर निदान अर्धा तास तापू द्या. नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस बंद. पडदा थोडा मागे झुकवा, म्हणजे सेन्सर सपाट टेकेल आणि कडेने उजेड शिरणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा प्रकार बरोबर निवडा. वाइड-गॅमट पडद्याला साधा एलईडी निवडला तर पांढराच चुकतो आणि अहवाल बिनदिक्कत 'पास' म्हणतो.

प्रोफाइल (त्या पडद्याच्या रंगांची नोंद ठेवणारी फाइल) तयार झाल्यावर दिसणारा 'सेल्फ-चेक'चा छान आकडा अनेकजण अहवाल म्हणून पाठवतात. कृपा करून तसं करू नका. प्रोफाइल ज्या रीडिंगवरून बनलं, त्याच रीडिंगशी केलेली ती तुलना असते. पडताळणी म्हणजे पॅच पुन्हा मोजणं. डिस्प्लेकॅल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला 'व्हेरिफिकेशन'चा वेगळा टॅब आहे. सरासरीबरोबर कमाल डेल्टा-ईही अहवालात दिसू द्या.

पाठवण्याआधी मॉनिटरच्या मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर अहवालातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. सॉफ्टवेअर कधीकधी नुसतं मॉडेलचं नाव टाकतं. तसं असेल तर सीरियल नंबर हाताने लिहून शेजारी सही-शिक्का करा आणि स्टिकरचा फोटो जोडा. उपकरणाचा सीरियल नंबरही दोन्ही कागदांवर एकच हवा.