तांब्याची नळी हाताने वाकवणे

घरगुती नळजोडणीसाठी वापरायच्या तांब्याच्या नळीला जागच्या जागी, हाताच्या जोराने आणि स्प्रिंग, तरफेचा बेंडर, कोरडी वाळू अशा साध्या साधनांनी हवा तो बाक देण्याची रीत. वळण घेण्याचा दुसरा मार्ग आयत्या एल्बोचा, म्हणजे काटकोनी जोडतुकड्याचा. तिथे नळी कापायची, दोन्ही तोंडे घासून चकचकीत करायची, फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा लेप) लावायचा, एल्बो बसवायचा आणि जोड तापवून त्यात सोल्डर, म्हणजे डाख, भरायचे. एका वळणापायी दोन जोड होतात आणि दोन्ही कधी ना कधी गळू शकतात. वाकवलेल्या नळीत त्या जागी जोडच नसतो. शिवाय एल्बोच्या तीव्र कोपऱ्यात पाणी घुसळते, भोवरे उठतात, आणि पाण्याचा वेग जास्त असेल तर कोपऱ्यापुढची भिंत आतून झिजत जाते. मोठ्या त्रिज्येच्या बाकातून पाणी जवळजवळ सरळ नळीइतक्याच शांतपणे जाते. भिंतीत किंवा फरशीखाली गाडल्या जाणाऱ्या नळीला तर शक्य तिथे बाकच द्यावा. तिथला गळका जोड सापडतो तो भिंत ओली झाल्यावरच.

नळी वाकवताना नेमके काय होते

भरीव सळई वाकवणे सोपे, पोकळ नळी वाकवणे अवघड, आणि या कामाची सगळी साधने त्या पोकळीसाठीच आहेत. नळी वाकते तेव्हा बाकाच्या बाहेरच्या बाजूची भिंत ताणली जाऊन पातळ होते, आतल्या बाजूची दाबली जाऊन जाड होते. मधून जाणारी एक रेषा जवळजवळ तेवढ्याच लांबीची राहते. १५ मिमी बाह्य व्यासाच्या नळीला ६० मिमी, म्हणजे व्यासाच्या चौपट, त्रिज्येचा बाक दिला तर बाहेरची बाजू सुमारे साडेबारा टक्के लांबते आणि आतली तेवढीच आखडते.

ताणलेली बाहेरची भिंत आणि दाबलेली आतली भिंत, दोन्ही मधल्या रेषेकडे सरकू पाहतात. त्यामुळे गोल छेद चपटा होऊ लागतो. छेद जितका चपटा, तितकी नळीची वाकण्याला विरोध करण्याची ताकद कमी, आणि ताकद कमी झाली की ती त्याच जागी आणखी वाकते. पातळ भिंतीच्या नळ्यांचे हे वागणे ब्रेझियर या संशोधकाने १९२७ साली गणिताने मांडले. हातात नळी असलेल्याला ते असे जाणवते: बराच वेळ नळी एकसारखा प्रतिकार करत राहते आणि मग एका क्षणी हात एकदम सैल पडतो. आतल्या बाजूची भिंत चेपून मोड पडलेला असतो. हा मोड सरळ करून जात नाही. सरळ केला तरी तिथे धातू दुमडून कठीण झालेला असतो आणि पाण्याची वाट अरुंद राहते. तो तुकडा कापून टाकणे हाच त्यावरचा उपाय आहे. म्हणून भिंतीला आतून किंवा बाहेरून आधार द्यायचा. आतली स्प्रिंग, बाहेरची स्प्रिंग, ठासलेली वाळू, बेंडरची खाच, हे सगळे त्या आधाराचेच प्रकार.

धातू आणि त्याचा कडकपणा

पाण्याच्या नळ्यांचे तांबे किमान ९९.९ टक्के शुद्ध असते आणि त्यात ०.०१५ ते ०.०४ टक्के फॉस्फरस असतो. फॉस्फरस तांब्यातला ऑक्सिजन काढून टाकतो. ऑक्सिजन राहिला तर ज्योतीतला हायड्रोजन धातूत शिरून त्याच्याशी मिळतो, आत वाफ तयार होते आणि तांबे ठिसूळ पडते. नळीला ज्योत लावता येते ती या चिमूटभर फॉस्फरसमुळे.

इजिप्तमध्ये अबुसीर येथील राजा साहुरे याच्या पिरॅमिड मंदिरात सांडपाण्यासाठी तांब्याच्या नळ्या सापडल्या. त्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि पत्रा ठोकून गुंडाळून केलेल्या आहेत. आजची नळी ओढून काढलेली, बिनसांध्याची असते. तिची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असल्यामुळेच तिला भरवशाने बाक देता येतो.

नळी कोणत्या कडकपणाची आहे, हे हात लावण्याआधी पाहावे. युरोपीय मानक ईएन १०५७ मध्ये तीन प्रती आहेत: मऊ (आर २२०), अर्धकठीण (आर २५०) आणि कठीण (आर २९०). आकडे मेगापास्कलमधली किमान ताणशक्ती दाखवतात. मऊ नळी वेटोळ्यात मिळते, बाकीच्या दोन सरळ लांबीत. मऊ नळी तुटण्याआधी ४० टक्के किंवा त्याहून जास्त लांबू शकते. कठीण प्रतीकडून मानक फक्त ३ टक्क्यांची हमी मागते. वर सांगितलेल्या बाकाला साडेबारा टक्के लागतात, हे लक्षात घेतले की कठीण नळी थंडपणी का वाकवू नये ते वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकी पद्धतीत नळ्या के, एल आणि एम अशा भिंतीच्या जाडीवरून ओळखतात. तिथे अर्ध्या इंचाच्या म्हणवल्या जाणाऱ्या नळीचा बाह्य व्यास पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिमी असतो. स्प्रिंग विकत घेताना बाह्य व्यास मोजूनच घ्यावी, नावावर जाऊ नये. आतल्या स्प्रिंगसाठी भिंतीची जाडीही जुळायला हवी.

तांब्याचा आणखी एक स्वभाव आहे: ते वाकवले की कडक होते. पहिल्यांदा सहज वळलेली जागा परत सरळ करायला गेले की जास्त जोर मागते आणि तिसऱ्यांदा ती आपली जागा सोडून शेजारी वाकते. भांडे घडवणारा तांबट ठोकता ठोकता मध्येच भांडे भट्टीत घालून मऊ करतो ते याचसाठी. एका जागी एकदाच आणि एका दमात बाक द्यावा.

स्प्रिंगने वाकवणे

शिकणाऱ्याने सुरुवात स्प्रिंगनेच करावी. बेंडर काम लवकर करतो, पण धातू कुठे नमते आणि कुठे अडते हे स्प्रिंग घातलेली नळी हाताला सांगते आणि ते एकदा कळले की पुढे कोणतेही साधन नीट वापरता येते.

आतली स्प्रिंग पोलादी तारेची, घट्ट वेटोळ्यांची असते आणि नळीच्या पोकळीत जेमतेम सरकते. तिच्या एका टोकाला कडी असते. बाक तोंडापासून दूर असेल तर कडीला मजबूत दोरी किंवा तार बांधून, दोरीवर बाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर खुणेने दाखवून मगच स्प्रिंग आत सोडावी. नळी आधी कापलेली असेल तर तोंडाची आत वळलेली धार कानशीने किंवा रीमरने (तोंड आतून खरवडायच्या हत्याराने) काढावी, नाहीतर स्प्रिंग तिथेच अडकते. स्प्रिंगला तेलाचा हात फिरवला की ती जाताना आणि येताना त्रास देत नाही. पिण्याच्या पाण्याची नळी असेल तर खाद्यतेल वापरावे आणि नंतर नळी धुऊन घ्यावी.

बाकाची सुरुवात आणि शेवट पेन्सिलीने आखून नळी गुडघ्याच्या किंचित वर, मांडीवर टेकवायची. मध्ये जाड कापड घ्यावे. दोन्ही हात खुणांपासून लांब धरायचे आणि दोन्ही बाजू सारख्या जोराने आपल्याकडे ओढायच्या. एकदम नव्वद अंश गाठायचे नाहीत. दहा-पंधरा अंश झाले की नळी अर्धा इंच सरकवायची, पुन्हा तेवढेच ओढायचे, पुन्हा सरकवायची. बाक अशा छोट्या छोट्या ओढींनी बनतो. एकाच जागी टेकवून ओढत राहिले तर वळण टोकदार होते आणि स्प्रिंग असूनही चुण्या पडतात. बाकाची त्रिज्या व्यासाच्या चार ते पाच पटींहून कमी ठेवू नये.

हव्या कोनाच्या चार-पाच अंश पुढे जायचे आणि मग तितकेच मागे यायचे. यात दोन कामे साधतात. धातू आपणहून थोडे उलगडते, त्याचा हिशेब मिटतो. आणि आत आवळून बसलेली स्प्रिंग सैल होते. ती ओढण्याआधी कडीत सळई घालून वेटोळी आवळली जातील त्या दिशेला पीळ द्यावा. आवळली की तिचा व्यास बारीक होतो आणि ती भिंतीपासून सुटते. पीळ न देता नुसती ओढली तर वेटोळी ताणून स्प्रिंग कायमची निकामी होते.

१५ मिमीची अर्धकठीण नळी अशी थंडपणी वाकते. २२ मिमीला बराच जोर लागतो, तिथे नळी तापवून मऊ करून घेणे किंवा बेंडर वापरणे बरे. २८ मिमीच्या पुढे गुडघ्याचे काम नाही. ८ किंवा १० मिमीच्या बारीक नळ्यांना बाहेरून बसणारी स्प्रिंग वापरतात. तोंडाजवळ बाक हवा असेल तर मुळात लांब नळी घेऊन आधी बाक द्यावा, मग कापावी. तोकड्या टोकाला हात धरायला जागाच नसते.

माप

बाक कोपरा कापून जातो, म्हणून वाकवलेली नळी दोन्ही बाजूंच्या मापांच्या बेरजेपेक्षा कमी लागते. काटकोनी बाकात मध्यरेषेवरची लांबी त्रिज्येच्या १.५७ पट असते, तर कोपऱ्यातून जाणारा रस्ता दोन पट. वाचते ती त्रिज्येची ०.४३ पट. समजा कोपऱ्यापासून एक बाजू ३०० मिमी, दुसरी २०० मिमी आणि त्रिज्या ६० मिमी आहे. नळी ५०० ऐवजी सुमारे ४७४ मिमी लागेल. बाकाची पहिली खूण ३०० उणे ६०, म्हणजे २४० मिमीवर, आणि दुसरी तिच्यापुढे ९४ मिमीवर, म्हणजे ३३४ वर. बाक या दोन खुणांच्या आत बसवायचा. तरीही टोकाला चार बोटे नळी जास्त ठेवावी; जास्तीची कापता येते.

अडथळा टाळून नळी बाजूला न्यायची असेल तर दोन उलटे बाक द्यावे लागतात. दोन्ही ४५ अंशांचे असतील तर त्यांच्या मध्यांमधले तिरके अंतर बाजूला सरकण्याच्या १.४१ पट, ३० अंशांचे असतील तर दुप्पट. दोन्ही बाक एकाच सपाटीत राहिले पाहिजेत. त्यासाठी वाकवण्याआधी नळीच्या पाठीवर सरळ रेघ मारून ठेवावी. दुसऱ्या बाकाच्या वेळी नळी फिरली असेल तर रेघ लगेच चुगली करते.

तापवणे आणि वाळू

कठीण नळी, जाड नळी किंवा आधी वाकलेली जागा ज्योतीने तापवून मऊ करता येते. बाकाची पूर्ण लांबी आणि दोन्हीकडे थोडी जास्त जागा सावलीत धरून मंद लाल दिसेपर्यंत तापवावी. उन्हात तो लाल रंग दिसतच नाही आणि नळी गरजेपेक्षा तापते. नंतर हवेत निववा किंवा पाण्यात बुडवा, तांबे मऊच राहते. पोलाद पाण्यात बुडवून कडक होते, त्या सवयीने पुष्कळ जण इथे उगाच घाबरतात. तांब्यातून उष्णता फार वेगाने पसरते, तेव्हा हे काम सोल्डरिंगच्या आधी उरकावे, नाहीतर हातभर अंतरावरचा जोड वितळून सुटतो.

स्प्रिंग जाणार नसेल तर वाळू. एका तोंडाला लाकडी बूच ठोकून नळी उभी धरायची, बारीक वाळू थोडी थोडी सोडायची आणि बाहेरून लाकडाने टकटक करत राहायचे. सुरुवातीला नळी घंटेसारखी वाजते. वाळू बसत जाते तसा आवाज बद्द होत जातो, आणि खालपासून वरपर्यंत सारखा बद्द आला की मग दुसरे बूच मारायचे. वाळू पूर्ण कोरडी हवी, यात तडजोड नाही. ओल्या वाळूची नळी तापवली की आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखे उडते. शक्य तर नळी आधी तापवून मऊ करावी, निवल्यावर वाळू भरावी आणि थंडपणीच वाकवावी. मग बूच उडण्याचा प्रसंगच येत नाही. वाकवून झाल्यावर वाळू आणि आतली काळी खपली पाण्याच्या जोराने धुऊन काढावी, नाहीतर ती पुढे नळाच्या तोटीत अडकते.

बेंडर

तरफेच्या बेंडरमध्ये खाच असलेले अर्धगोल चाक, नळी अडकवायचा आकडा आणि दुसऱ्या दांड्यावरचा रूळ किंवा खाचेची पट्टी असते. नळी तिन्हीकडून धरली जाते, त्यामुळे स्प्रिंगपेक्षा लहान त्रिज्येचा बाक येतो. चाकाची त्रिज्या ठरलेली असल्याने प्रत्येक बाक सारखा निघतो, आणि एकाशेजारी एक चार नळ्या न्यायच्या असतील तर बेंडरशिवाय पर्याय नाही. दाब जुळवता येणाऱ्या बेंडरमध्ये रूळ सैल राहिला की आतल्या बाजूला चुण्या पडतात, फार घट्ट झाला की बाक चिंबतो. चांगल्या नळीला हात घालण्याआधी टाकाऊ तुकड्यावर दाब पाहून घ्यावा.

बाक तपासणे

बाकाच्या मध्यावर कॅलिपरने दोन दिशांना व्यास मोजावा. थोडा चपटेपणा चालतो. आतल्या बाजूवरून नख फिरवले आणि ते अडले तर चुणी आहे. बाहेरच्या बाजूला नारंगीच्या सालीसारखा खरबरीतपणा दिसला तर नळी जास्त तापवलेली असते, धातूचे कण मोठे झालेले असतात. भेग दिसली तर तो तुकडा वापरायचाच नाही.

जोड बाकाला चिकटून करू नये. सोल्डर नळी आणि जोडाच्या फटीत स्वतःहून ओढले जाते ते फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास आणि सगळीकडे सारखी असेल तरच. बाकाजवळची नळी किंचित अंडाकृती असल्याने फट एकीकडे रुंद, एकीकडे बंद राहते. म्हणून जोडाच्या खोलीपेक्षा बरीच जास्त सरळ नळी मध्ये सोडावी.

गरम पाण्याच्या नळीत बाकाचा आणखी एक उपयोग आहे. ५० अंश सेल्सियसने तापलेली दहा मीटर तांब्याची नळी सुमारे साडेआठ मिमी वाढते. ही वाढ बाकात लवचीकपणे सामावते, पण त्यासाठी बाक मोकळा हवा. नळी भिंतीला धरणारी पहिली पट्टी बाकाला लागूनच घट्ट ठोकली तर नळी हलू शकत नाही, आणि दर वेळी गरम पाणी सोडताना भिंतीतून टकटक ऐकू येते.