विवर वेगळं, कॅल्डेरा वेगळा

लोणार पाहून आलेले बरेच जण सांगतात, ‘तिथं पूर्वी ज्वालामुखी होता.’ नव्हता. तो खड्डा उल्केचा. भोवतालचा खडक लाव्हाचा आहे म्हणून गल्लत होते. थोडा दोष आपल्या ‘विवर’ या शब्दाचाही. उल्केनं पाडलेला खड्डा विवर, ज्वालामुखीचं तोंड विवर, आणि डोंगरमाथा खचून झालेली भली मोठी परातही विवरच! ही परात म्हणजे कॅल्डेरा. तिला विवर म्हणणं मला पटत नाही.

ज्वालामुखीचं विवर म्हणजे तोंड. आतून राख, दगड उडतात आणि त्यांचीच रास तोंडाभोवती साचते. रुंदी सहसा किलोमीटरच्या आत.

कॅल्डेरा समजायला सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. वर लहानसं तोंड, खाली मोठं पोट. समजा, पेव रिकामं झालं आणि वरची माती आत बसली, तर पडणारा खड्डा तोंडाएवढा नसतो, पोटाएवढा असतो. ज्वालामुखीखालचा शिलारस भराभर उपसला गेला की वरच्या डोंगराचं हेच होतं.

अमेरिकेत ओरेगॉनमधल्या माउंट मझामाचा माथा सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी असाच खाली बसला. उद्रेकात सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला होता. माथा उडाला नाही, खचला, हे कशावरून? भोवती दूरवर सापडतो तो बहुतेक ताज्या शिलारसाचा प्युमिस, म्हणजे फेसाळून गोठलेला हलका, सच्छिद्र दगड. जुन्या डोंगराचे दगड त्यात अगदी थोडे. मग त्या खड्ड्यात पावसाचं आणि बर्फाचं पाणी साठत गेलं. आज तिथं ५९४ मीटर खोल तळं आहे आणि त्याचं नाव, गंमत बघा, ‘क्रेटर लेक’, म्हणजे विवराचं तळं! खरं क्रेटर तळ्यातल्या विझार्ड बेटावर आहे: नंतर उगवलेला छोटा शंकू आणि त्याच्या डोक्यावर वाटीएवढं विवर. आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटावरही अशीच जोडी दिसते. बाहेर सुमारे २ किलोमीटर रुंदीचं, पश्चिमेला समुद्राकडे उघडं असलेलं कडं आणि मधे धुमसणारा शंकू.

खचायला दर वेळी प्रचंड स्फोट लागतो असंही नाही. हवाईतल्या किलाउएआवर २०१८च्या मे ते ऑगस्टमध्ये लाव्हा शिखरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, खालच्या उतारावर वाहत होता, आणि इकडे शिखरावरची जमीन हिसके देत बसत होती. काही ठिकाणी ५०० मीटरपर्यंत. २०१९मध्ये त्या खड्ड्यात पाणी दिसू लागलं. डिसेंबर २०२०मध्ये लाव्हा परत आला आणि पाण्याची वाफ करून स्वतःच तिथं तळं करून बसला.

इटलीतल्या नेपल्सजवळचा काम्पी फ्लेग्रेई हा कॅल्डेरा तर वस्तीखालीच हलतो. पोत्सुओली गावात रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर त्यांना बारीक भोकांचा पट्टा आहे. ती भोकं समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली. म्हणजे जमीन खाली गेली, खांब पाण्यात बुडाले आणि पुन्हा वर आले. १९८२ ते १९८४ या काळात हीच जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, बंदर उथळ झालं, हजारो माणसांना घरं सोडावी लागली. २००५पासून ती पुन्हा वर येते आहे.