नत्राची ये-जा, स्फुरदाची एकेरी वाट

कृषी सेवा केंद्रात नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या युरियाच्या आणि मुख्यतः स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) घेतल्या जाणाऱ्या डीएपीच्या गोण्या शेजारी शेजारी रचलेल्या असतात. शाळेच्या पुस्तकातही नत्राचं आणि स्फुरदाचं चक्र एकाच धड्यात, सारखेच गोल बाण काढून शिकवलं जातं. दोन्हींच्या कमतरतेने पीक खुरटतं, दोन्ही खतातून देता येतात, दोन्हींसाठी जिवाणू संवर्धकांची पाकिटं मिळतात. त्यामुळे दोन्हींचा कारभार सारखाच, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात शेतातून सुटल्यावर दोघं कुठे जातात ते पाहिलं, तर दोघांना एकाच पद्धतीने वागवणं किती महागात पडतं ते कळतं.

नत्राचं कोठार हवेत आहे. हवेत 78 टक्के नत्रच असतं, तरी कपाशीला किंवा गव्हाला त्यातलं काहीही थेट घेता येत नाही. नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडणं कुठल्याच वनस्पतीला जमत नाही. विजा चमकतात तेव्हा थोडं नत्र सुटं होऊन पावसाबरोबर उतरतं. निसर्गातलं बाकीचं काम जिवाणूंचं. तूर, हरभरा, मूग, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींत हे जिवाणू राहतात. अशी एखादी गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी-लाल असेल तर तिचं काम चालू आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या एका प्रथिनाचा असतो. नत्राचा बंध तोडणारं विकर (एन्झाइम) मोकळ्या प्राणवायूत निकामी होतं, म्हणून हे प्रथिन प्राणवायूला आवरून धरतं आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पुरवतं. इतकी नेमकी व्यवस्था एवढ्याशा गाठीत चालते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हेच काम माणसाने विसाव्या शतकात कारखान्यात आणलं. 1909 मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी ते प्रयोगशाळेत करून दाखवलं आणि 1913 मध्ये ओपाऊला पहिला मोठा कारखाना सुरू झाला. युरियाच्या गोणीतलं 46 टक्के नत्र याच वाटेने हवेतून आलेलं असतं.

मातीत पडल्यावर युरियाचं आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं आणि मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. जोराचा पाऊस झाला की ते मुळांच्या खाली उतरतं आणि विहिरीत पोचतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, कारण जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. शेतात पाणी साचून माती गुदमरली, तर दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेट मोडून त्याचा पुन्हा वायू करतात. चुनखडीच्या रानात युरिया नुसता वर फोकला आणि मातीआड केला नाही, तर अमोनिया होऊन तो तिथूनच उडतो. तोटा शेतकऱ्याचा होतो, पाण्याचा आणि हवेचाही होतो. तरी निसर्गाच्या हिशेबात बरंचसं नत्र शेवटी हवेच्या कोठारात परत जमा होतं. चक्र पुरं होतं.

स्फुरदाला ही सोय नाही. वायूच्या रूपात ते निसर्गात जवळजवळ नसतंच, त्यामुळे हवेत त्याचा साठा नाही. ते येतं खडकातून, खडक झिजेल तसं, फार सावकाश. मातीतून पिकात, पिकातून जनावरात आणि माणसात, शेणखतातून किंवा सोनखतातून पुन्हा मातीत, असं ते जमिनीवर अनेक फेरे घेऊ शकतं. पण एकदा पुराच्या पाण्यातून नदीला लागलं की उताराने समुद्राकडेच जातं आणि तळाशी बसतं. तो तळ भूकवचाच्या हालचालींनी उचलला जाऊन पुन्हा डोंगर व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. उदयपूरजवळ झामरकोटड्याला आज रॉक फॉस्फेटची, म्हणजे स्फुरद असलेल्या खडकाची, खाण आहे, तिथे अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. आपली गरज मात्र अशा देशी खाणींतून भागत नाही. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत, आणि डीएपीसाठी आपण बाहेरच्या खडकावर, आम्लावर किंवा तयार खतावर अवलंबून आहोत.

उलट्या दिशेने, म्हणजे चढावर, स्फुरद येतं ते अगदी थोडं. समुद्रपक्षी मासे खाऊन बेटांवर विष्ठा टाकतात. पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवरून एकोणिसाव्या शतकात ते खत जहाजं भरभरून युरोपात गेलं. वाराही थोडं आणतो. सहारातल्या धुळीबरोबर दरवर्षी सुमारे 22 हजार टन स्फुरद ॲमेझॉनच्या जंगलावर पडतं, असा 2015 मध्ये उपग्रहांच्या आधारे काढलेला अंदाज आहे.

शेतकऱ्याला रोज नडणारा फरक मात्र मातीतच आहे. नत्र निसटतं, तर स्फुरद अडकतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला पकडतं. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम पकडतात. दिलेल्या खतातलं पहिल्या वर्षी पिकाच्या वाट्याला येतं ते फार तर पाचव्या हिश्शाच्या आसपास. शिवाय मातीत स्फुरद जागचं फारसं हलत नाही, जेमतेम काही मिलिमीटर. म्हणून डीएपी किंवा सुपर फॉस्फेट पेरणीबरोबर, पाभरीने, बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पडायला हवं. उभ्या पिकात वरून फोकलेला डीएपी मुळांपर्यंत पोचतच नाही; वरच्या थरात अडकतो आणि पुढच्या पावसात मातीबरोबर वाहून जातो. युरियाचं उलट. तो एकदम सगळा देण्यात तोटा आहे, हप्त्याहप्त्याने द्यावा.

जिवाणूंच्या पाकिटांच्या बाबतीतही हीच गल्लत होते. रायझोबियम (मुळांच्या गाठींतले जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) दोन्ही बीजप्रक्रियेला वापरतात, साधारण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. रायझोबियम हवेतलं नवं नत्र शेतात आणतं. पीएसबी मातीत अडकलेलं स्फुरद आम्लं सोडून मोकळं करतं. बाहेरून कणभरही आणत नाही. धान्य, कडबा विकून रानातून दरवर्षी स्फुरद बाहेर जात असेल आणि भर काहीच पडत नसेल, तर पीएसबीच्या जोरावर किती वर्षं काढणार?

पाण्यातही दोघांचं वागणं वेगळं. नायट्रेट विरघळून जातं, नितळ दिसणाऱ्या पाण्यातही असतं. स्फुरद बहुतांशी मातीच्या बारीक कणांना चिकटून, गढूळ पाण्यातून जातं. बांध आणि ताली धड असल्या तर शेतातलं बरंचसं स्फुरद अडतं. नायट्रेट खाली झिरपायचं थांबत नाही.

कॅनडातल्या संशोधकांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याचे पडद्याने दोन भाग केले. एका बाजूला नत्र आणि कार्बन सोडलं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला स्फुरदही. स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी जवळपास तशीच राहिली. तळ्यात नत्र कमी पडलं तर काही नीलहरित शैवालं ते हवेतून घेतात; स्फुरद त्यांना कुठूनच मिळवता येत नाही. उजनी धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं. तिथल्या हिरव्या पाण्याकडे आणि जलपर्णीकडे बघताना म्हणून मला मैल्यातल्या आणि धुण्याच्या पावडरीतल्या स्फुरदाचा प्रश्न आधी महत्त्वाचा वाटतो.

धरणाच्या गाळात हेच वाहून आलेलं स्फुरद साठतं. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तो गाळ रानात टाकला जातो. समुद्राकडे निघालेलं थोडं स्फुरद अशाने वाटेतच वळवता येतं. गाळातून नत्र फारसं मिळत नाही, तेव्हा तो टाकला म्हणून नत्राची मात्रा कमी करू नये. गाळ आणण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी: क्षार किती, चुना किती आणि उपलब्ध स्फुरद किती. चुना जास्त निघाला तर त्या गाळातलं स्फुरदही कॅल्शियमने धरून ठेवलेलं असणार, आणि तिथे शेणखत आणि पीएसबीची जोड द्यावी लागेल.