रिमूव्ह, पर्ज आणि हातानं पुसणं: तिन्ही एक नव्हेत बाबांनो

उबंटू-डेबियन लिनक्सवर एपीटी या आज्ञेनं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, काढायचं 'रिमूव्ह' तुम्हाला ठाऊकच आहे. प्रोग्राम जातो, /इटीसी मधल्या सेटिंगच्या फाइल्स राहतात, पर्ज मारलं की त्यापण जातात. एवढं सगळ्यांना पाठ असतंय, खरं खरा घोळ त्याच्या पुढं आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत शिकणारा निपाणीचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, बिघडवलेली, म्हणून रिमूव्ह मारलं, फोल्डर उरलंय बघून सुडो आरएम, म्हणजे मालकी हक्कानं पुसायची आज्ञा, लावून /इटीसी/एनजिनएक्स अख्खं उडवलं आणि परत इन्स्टॉल केलं, तर एनजिनएक्स डॉट कॉन्फचा पत्ताच नाही, सर्व्हिस उठेना. तीनदा केलं, तीनदा तेच, शेवटी 'आगिल्ल री' (कन्नडमध्ये 'झालं नाही हो') म्हणत उबंटूच नव्यानं टाकायला निघालेला. हे नव्यानं टाकायचं खूळ मला अजिबात पटत नाही.

झालं काय, तर एपीटीच्या खाली पॅकेज टाकायचं-काढायचं काम करणारा डीपीकेजी वही ठेवतो. रिमूव्ह केलं तरी पॅकेजचं नाव वहीत राहतंय, पुढं 'आरसी' लिहिलेलं, म्हणजे पॅकेज काढलंय खरं कॉन्फिग शिल्लक. ती फाइल तुम्ही हातानं पुसली की डीपीकेजी समजतो, मालकानं मुद्दाम पुसली, मग मी कशाला परत ठेवू? हा बग नव्हे, डेबियनचा ठरवून केलेला नियम आहे, अ‍ॅडमिननं केलेला बदल पॅकेजनं मोडायचा नाही, आणि पुसणं हापण बदलच. पर्ज केलं की वहीतली ओळच जाते, मग नव्यानं टाकलं की फाइल्स गुमान येतात. पर्ज नकोच असेल तर डीपीकेजीला फोर्स-कॉन्फमिस हा पर्याय द्यायचा.

त्यात अजून एक खोच. पोरानं एनजिनएक्स पर्जपण करून बघितलेलं, काही फरक नाही, कारण ती कॉन्फिग एनजिनएक्स-कॉमन नावाच्या पॅकेजची असते. फाइल कुणाची ते डीपीकेजीला कॅपिटल एस लावून विचारा, मगच पर्ज. दोन मिनिटांचं काम होतं. कुंदा आणतो म्हणाला, अजून आलेला नाही.

जुनी 'आरसी' मंडळी बघायची तर डीपीकेजी -एलच्या (स्मॉल एल) यादीत आरसीनं सुरू होणाऱ्या ओळी ग्रेप करा, म्हणजे तेवढ्याच गाळून काढा. एपीटी 2.0 पासून पुढं असेल तर 'एपीटी पर्ज' पुढं अवतरणात टिल्ड-सी (~c), सगळी एका फटक्यात साफ, आधी यादी नीट वाचून मगच वाय दाबा.

ऑटोरिमूव्ह वेगळंच, ते फक्त आपोआप आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस काढतंय. आणि होममधल्या डॉट-कॉन्फिग, डॉट-कॅशला यातलं कुणीच हात लावत नाही, ते तुमचं तुम्ही पुसा, तिथं आरएम चालतंय. डेटाबेसचं पॅकेज पर्ज करताना मात्र डेटापण उडवू का असं विचारतंय, तेव्हा झोपेत एंटर मारू नका, बॅकअप आधी.